मॉकचा स्कोर साठीतच अडकला तेव्हा: एका अनुभवी मॅनेजरची पीएमपीची तयारी

प्रकरण असं आहे. कारखान्यांत मशिनरी बसवण्याचे मोठे प्रोजेक्ट बरीच वर्षं सांभाळलेली माझी एक सहकारी पीएमपीची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांच्या सर्टिफिकेशन परीक्षेची, तयारी करत होती. 35 तासांचा कोर्स झालेला, पीएमबॉक गाइड (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मूळ संदर्भ पुस्तक) वाचलेलं, अ‍ॅजाइल प्रॅक्टिस गाइड (अ‍ॅजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याची पद्धत) वाचलेलं, नोट्स तर अशा की बघत राहावं, आणि तरी मॉक टेस्टचा (सराव परीक्षेचा) स्कोर साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबलेला. एक मॉक दिली की साठ, चुकलेले प्रश्न वाचून पुढची दिली की थोडा वर, त्यापुढची दिली की परत खाली. तिच्याच हाताखाली काम शिकलेला एक मुलगा त्याच मॉकवर तिच्या खूप पुढे होता, आणि हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. मी हे लिहून ठेवतेय कारण असे लोक मी बरेच पाहिलेत, साइटवर एक नंबर काम करणारे आणि परीक्षेत नेमके तेच अडकणारे, आणि त्यांना जो तो एकच सल्ला देतो की अजून मॉक दे. या प्रकरणात तो सल्ला चुकीचा होता असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट म्हणजे पीएमआयचं सर्टिफिकेशन, 1984 पासून चालू आहे. ती तयारी करत होती तो पेपर जानेवारी 2021 पासूनच्या आउटलाइनप्रमाणे (पीएमआयच्या अभ्यासक्रमाप्रमाणे) होता, म्हणजे 180 प्रश्न, 230 मिनिटं, मध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक, आणि तीन डोमेन: पीपल 42 टक्के, प्रोसेस 50 टक्के, बिझनेस एन्व्हायर्नमेंट 8 टक्के. साधारण निम्मा पेपर अ‍ॅजाइल किंवा हायब्रिड, म्हणजे अ‍ॅजाइल आणि सगळं आधी ठरवून चालणारी पद्धत यांचं मिश्रण. पदवी असेल तर मागच्या आठ वर्षांत 36 महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव तेव्हा दाखवावा लागायचा, दोन प्रोजेक्ट एकाच वेळी चालू असतील तर ते महिने एकदाच मोजायचे. अर्जाचं काम तिने एका बैठकीत उरकलं, तिथे काही अडचण नव्हती. अडचण प्रश्नांची होती, कारण या पेपरात व्याख्या जवळजवळ विचारतच नाहीत, चार-पाच ओळींची परिस्थिती देतात आणि विचारतात की प्रोजेक्ट मॅनेजरने आता काय करावं, आणि चारही ऑप्शन शहाण्या माणसाने कधी ना कधी केलेलेच असतात.

तिची पद्धत अशी होती की मॉक द्यायची, चुकलेल्या प्रश्नांचं स्पष्टीकरण वाचायचं, 'अरे हो, बरोबर आहे' म्हणायचं आणि तो विषय ज्या चॅप्टरचा असेल तो चॅप्टर परत वाचायचा. रिस्कचा प्रश्न चुकला की रिस्कचा चॅप्टर, स्टेकहोल्डरचा (प्रोजेक्टशी संबंध असलेल्या लोकांचा) चुकला की स्टेकहोल्डरचा. ऐकायला हे अगदी शिस्तीचं वाटतं. पण तिला रिस्क येत नव्हतं असं नव्हतंच ना, रिस्क रजिस्टर (संभाव्य धोक्यांची आणि त्यांवरच्या उपायांची यादी) तिने स्वतः कितीतरी प्रोजेक्टवर चालवलेलं, क्वालिटेटिव्ह आणि क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिसिसमधला फरक ती झोपेत सांगेल. म्हणजे जे येतं तेच परत परत वाचणं चालू होतं आणि वेळ त्यातच जात होता.

तर पहिलं काम केलं ते म्हणजे मॉक बंद. आधीच्या मॉकमधले चुकलेले सगळे प्रश्न काढले आणि प्रत्येकापुढे चॅप्टरचं नाव न लिहिता चुकीचं कारण लिहायला घेतलं. माहितीच नव्हती म्हणून चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही म्हणून चुकलं, माहिती होती पण हाताला लागलेल्या सवयीने उत्तर दिलं म्हणून चुकलं, आणि घाईत किंवा बरोबर उत्तर बदलून चुकलं. सुरुवातीला ती प्रत्येकापुढे 'माहिती नव्हती' असंच लिहीत होती, तेच सोयीचं असतं, कारण मग उपाय सोपा होतो की परत वाचू. मग मी एक अट घातली की 'माहिती नव्हती' लिहायचं असेल तर नेमकी कोणती गोष्ट माहीत नव्हती ते एका वाक्यात लिहायचं, आणि ते वाक्य लिहिता आलं नाही तर कारण दुसरं आहे असं धरायचं. ही अट लावल्यावर यादी पार बदलली. खरोखर माहिती नव्हती असे प्रश्न थोडेच निघाले, तेही बरेचसे अ‍ॅजाइलचे. मोठा ढीग सवयीचा होता.

एक प्रश्न सांगते, हा आम्ही मॉकमधल्या एका प्रश्नाच्या धर्तीवर स्वतः रचलेला. क्लायंटच्या माणसाने टीममधल्या इंजिनिअरला परस्पर सांगून एक छोटा बदल करून घेतलाय, प्रोजेक्ट मॅनेजरला ते टेस्टिंगच्या वेळी कळतं, बदल चांगला चाललाय आणि क्लायंट खूश आहे. प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं? ऑप्शन असे की बदल लगेच काढून टाकायला सांगणं, स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्याला) कळवणं, बदलाचा स्कोप (कामाची ठरलेली व्याप्ती), खर्च आणि वेळेवर काय परिणाम होतो ते तपासणं, किंवा क्लायंट समाधानी आहे म्हणून बदल स्वीकारून नोंद करून ठेवणं. तिने शेवटचा निवडला. अपेक्षित उत्तर परिणाम तपासणं, त्यानंतर चेंज कंट्रोलची, म्हणजे बदल रीतसर मंजूर करून घेण्याची, प्रक्रिया.

तिला विचारलं हा का निवडला, तर ती जे बोलली ते मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणाली, "अगं, चालू झालेली गोष्ट आता तपासून काय करणार, क्लायंटशी संबंध बिघडतील, आमच्याकडे असे छोटे बदल आम्ही सांभाळून घेतो आणि शेवटी बिलात बघतो." आता बघा, यात चुकीचं काही नाही, तिच्या कामात तो क्लायंट तिला वर्षानुवर्षं माहीत आहे, करारात थोडी मोकळीक आहे, बदल किती धोक्याचा आहे हे तिला बघताक्षणी कळतं. म्हणजे परिणाम तिने तपासलेलाच असतो, फक्त डोक्यात, क्षणभरात, आणि म्हणून ती पायरी तिला पायरी वाटतच नाही. प्रश्नातल्या प्रोजेक्ट मॅनेजरकडे यातलं काही नाही, त्याच्याकडे फक्त त्या चार ओळी आहेत. ती प्रश्नात नसलेला क्लायंट, नसलेला करार, नसलेला विश्वास स्वतःच्या पदरचा घालून उत्तर देत होती. ज्या मुलाचा स्कोर जास्त येत होता त्याच्याकडे पदरचं घालायला काही नव्हतंच, म्हणून तो समोर लिहिलेलं वाचत होता. हे कळल्यावर तिच्या मनातली त्या मुलाबद्दलची बोच बरीच कमी झाली, आणि मला वाटतं अभ्यासाला त्याचाही उपयोग झाला.

सवयीचा ढीग अजून चाळला तर त्यात ठरावीक तीन-चार सवयीच परत परत दिसल्या. टीममध्ये दोघांचं वाजलं की ती स्वतः निर्णय देऊन विषय संपवायची, परीक्षेत अपेक्षा अशी की आधी दोघांशी बोलून भांडणाचं मूळ समजून घे आणि त्यांनाच तोडगा काढायला मदत कर. एखादा माणूस कमी पडतोय दिसलं की ती काम दुसऱ्याकडे द्यायची, अपेक्षा अशी की का कमी पडतोय ते बघ, ट्रेनिंग किंवा कोचिंग लागतंय का ते बघ. अडचण मोठी दिसली की सरळ स्पॉन्सरला फोन, अपेक्षा अशी की आपल्या अधिकारातलं आधी करून झालंय का. या सगळ्या सवयी डेडलाइनखाली काम करणाऱ्या चांगल्या मॅनेजरच्याच आहेत, वेग ही त्यांची ताकद असते, आणि परीक्षा तो वेग कमी करून मधल्या पायऱ्या दाखव म्हणते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं, पण मग वेगळाच घोळ झाला आणि या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग खरं तर हाच आहे. तिला कुठून तरी 'माइंडसेट'च्या नियमांची यादी मिळाली, आधी नेहमी अ‍ॅनालाइज करा, एस्कलेट कधीच करू नका (विषय वरच्यांकडे नेऊ नका), नेहमी टीमला विचारा, सर्व्हंट लीडर (टीमला मदत करणारा नेता) व्हा वगैरे. तिने ती पाठ केली आणि मॉक दिली तर स्कोर आधीपेक्षाही खाली. कारण आता ती जिथे तिथे 'परिणाम तपासा' निवडायला लागली होती. उदाहरणार्थ प्रश्नात स्पष्ट लिहिलेलं की बदलाच्या परिणामाचा अभ्यास झालाय, चेंज कंट्रोल बोर्डाने (बदल मंजूर करणाऱ्या समितीने) मंजुरीही दिलीय, आता पुढे काय. उत्तर प्लॅन आणि बेसलाइन (मंजूर झालेला मूळ आराखडा) अपडेट करणं आणि संबंधितांना कळवणं, आणि ही बाई परत परिणाम तपासायला निघालेली! तसंच रिस्कचं, रिस्क आधीच ओळखलेला होता, रजिस्टरमध्ये रिस्पॉन्स प्लॅन लिहिलेला होता, आणि तो रिस्क आता घडलाय, तर ठरलेला प्लॅन अमलात आणायचा, तिथे नव्याने अ‍ॅनालिसिस कशाला? तोच रिस्क जर कोणी ओळखलाच नसता तर मात्र इश्यू लॉगमध्ये (घडलेल्या अडचणींच्या यादीत) नोंद, परिणाम बघणं आणि वर्कअराउंड (ऐनवेळचा तोडगा) असा रस्ता. आणि माणसाच्या जिवाला धोका असेल असं प्रश्नात असेल तर आधी काम थांबवा, मग बाकीचं. एस्कलेशनचंही तसंच, आपल्या अधिकाराबाहेरचं असेल आणि आपल्या हातातलं करून झालं असेल तर एस्कलेट करणं हेच बरोबर उत्तर असतं.

म्हणून त्या नियमांच्या याद्यांबद्दल माझं मत वाईट आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे खरं असतं, पण ते कुठे खरं आहे हेच त्यात नसतं, आणि परीक्षा नेमकं तेच विचारते.

मग आम्ही एकच गोष्ट धरली. प्रत्येक प्रश्नात ऑप्शन झाकून ठेवायचे आणि आधी एक ओळ लिहायची, काय काय होऊन गेलंय आणि काय राहिलंय. बस. त्या क्लायंटच्या प्रश्नात 'बदल झालाय, परिणाम कोणी बघितलेला नाही, मंजुरी नाही' ही ओळ, बोर्डाच्या प्रश्नात 'परिणाम बघितला, मंजुरी मिळाली, प्लॅन जुनाच आहे' ही ओळ. ओळ लिहिली की उत्तर बहुतेक वेळा तिथेच दिसतं आणि मग ऑप्शनमध्ये फक्त ते शोधायचं असतं. सुरुवातीला एका प्रश्नाला पाच-पाच मिनिटं जात होती आणि तिची चिडचिड होत होती की या वेगाने पेपर कसा संपणार, पण मुद्दाम वेग सोडून दिला होता, बरेच दिवस रोज थोडेच प्रश्न, घड्याळ नाही, स्कोर नाही. हळूहळू ती ओळ लिहायची गरज संपली आणि वाचता वाचताच डोक्यात व्हायला लागली.

त्या ओळीत नंतर अजून एक गोष्ट जोडावी लागली, ती म्हणजे हा प्रोजेक्ट कोणत्या पद्धतीने चाललाय. कारण चेंज कंट्रोल पक्कं झाल्यावर ती ते अ‍ॅजाइललाही लावायला लागली. स्प्रिंट (अ‍ॅजाइलमधला ठरावीक छोट्या मुदतीचा टप्पा) चालू आहे, ग्राहकाच्या प्रतिनिधीला नवीन फीचर हवंय, तर तिचं उत्तर चेंज रिक्वेस्ट भरून बोर्डाकडे. तिथे अपेक्षित काय, तर मागणी प्रॉडक्ट ओनरकडे (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याकडे) जाणार, बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) येणार, प्राधान्य तो ठरवणार, आणि चालू स्प्रिंटचं ध्येय सहसा हलवायचं नाही. बेसलाइन, करार, मंजूर स्कोप असे शब्द दिसले तर एक जग, इटरेशन (स्प्रिंटसारखाच टप्पा), बॅकलॉग, प्रॉडक्ट ओनर दिसले तर दुसरं जग, आणि हायब्रिडमध्ये दोन्ही दिसतात तेव्हा ज्या भागाबद्दल प्रश्न आहे तो भाग कसा चालवलाय ते बघायचं. हे पुस्तकातून तिला नीट उतरेना, कारण टीम स्वतः काम उचलते ही गोष्ट तिने कधी पाहिलीच नव्हती, तिच्याकडे काम वाटून द्यायचं असतं. मग ती तिच्याच कंपनीतल्या सॉफ्टवेअर टीमच्या डेली स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) आणि स्प्रिंट रिव्ह्यूला (टप्प्याच्या शेवटी झालेलं काम दाखवण्याच्या बैठकीला) नुसती जाऊन बसली, काही दिवस, कोपऱ्यात. मला विचाराल तर वाचनाच्या कितीतरी तासांपेक्षा त्याचा फायदा जास्त झाला, ज्यांना शक्य आहे त्यांनी हे कराच.

फॉर्म्युल्यांवर मी जास्त लिहीत नाही, कारण तिथे तिला त्रास नव्हता, पण एक नमुना बघा. पीव्ही (आतापर्यंत व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत) 50 लाख, ईव्ही (प्रत्यक्ष झालेल्या कामाची ठरलेली किंमत) 40 लाख, एसी (प्रत्यक्ष खर्च) 45 लाख, बीएसी (पूर्ण प्रोजेक्टचं बजेट) 1 कोटी. एसपीआय (वेळेचा निर्देशांक, 1 पेक्षा कमी म्हणजे मागे) 40 भागिले 50 म्हणजे 0.8, सीपीआय (खर्चाचा निर्देशांक, 1 पेक्षा कमी म्हणजे खर्च जास्त) 40 भागिले 45 म्हणजे 0.89, आणि खर्चाचा वेग असाच राहिला तर ईएसी (शेवटी होणारा अंदाजे एकूण खर्च) 1 कोटी भागिले सीपीआय, साधारण 1 कोटी साडेबारा लाख. गणित ती पटकन करायची. पण प्रश्न बऱ्याचदा आकडा मागत नाही, आकडे देऊन विचारतो की आता काय कराल, आणि वेळेत मागे असताना क्रॅशिंग (जास्त माणसं-पैसा लावून काम लवकर संपवणं) सुचवलेलं असेल तर इथे खर्चही आधीच ओलांडलाय हे लक्षात यायला हवं, क्रॅशिंगने खर्च अजून वाढणार, फास्ट ट्रॅकिंगने (एकामागून एक करायची कामं एकाच वेळी करण्याने) खर्चापेक्षा रिस्क वाढतो. म्हणजे परत तेच, काय होऊन गेलंय ते आधी वाचा.

वेळेचं नियोजन शेवटी केलं. 230 मिनिटांत 180 प्रश्न म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या थोडं वर. त्या आउटलाइनचा पेपर साठ-साठच्या तीन भागांत होता आणि ब्रेक घेतला की मागच्या भागातल्या प्रश्नांकडे परत जाता येत नव्हतं, हे बऱ्याच जणांना आत बसल्यावर कळायचं आणि मार्क केलेले प्रश्न तसेच राहून जायचे. ब्रेकची दहा मिनिटं 230 मध्ये धरलेली नव्हती, त्यामुळे ब्रेक टाळून वेळ काही वाचत नव्हता, उलट डोकं थकतं. तिने दोनच आकडे लक्षात ठेवले, पहिले साठ संपताना घड्याळात 153 मिनिटं उरलेली हवीत आणि दुसरे साठ संपताना 77. बाकी प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघायचं नाही. परीक्षेआधी मग सलग, ब्रेकसकट, पूर्ण मॉक दिल्या आणि स्कोर सत्तरीच्या पुढे जाऊन तिथे टिकला. किती टक्के पडले म्हणजे पास असा आकडा पीएमआय जाहीर करत नाही, त्यामुळे मॉकमध्ये अमुक इतके आले की झालं असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर विसंबू नका. मी तिच्या बाबतीत आकड्यापेक्षा हे बघत होते की चुकलेल्या प्रश्नांमध्ये सवयीचे किती राहिलेत, आणि ते जवळजवळ संपले होते.

पहिल्याच प्रयत्नात पास झाली. रिपोर्टमध्ये मार्क नसतात, प्रत्येक डोमेनला अबव्ह टार्गेट, टार्गेट, बिलो टार्गेट किंवा नीड्स इम्प्रूव्हमेंट असा शेरा असतो. तिला प्रोसेसमध्ये अबव्ह टार्गेट, पीपलमध्ये टार्गेट आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंटमध्ये बिलो टार्गेट. पीपलचा शेरा बघून मला खूप आनंद झाला, कारण सवयीचा सगळ्यात मोठा ढीग तिथलाच होता. कामावरही एक बदल तिने स्वतः सांगितला, क्लायंटने तोंडी काही मागितलं की आता ती हो म्हणण्याआधी अर्ध्या पानाचा परिणाम लिहून काढते, आणि क्लायंटला तो दाखवल्यावर काही मागण्या क्लायंट स्वतःच मागे घेतो.

बिझनेस एन्व्हायर्नमेंटचा शेरा मात्र अपेक्षितच होता, आठच टक्के आहेत म्हणून त्याला तिने जेमतेम हात लावला होता, कम्प्लायन्स (नियम-कायद्यांचं पालन), प्रोजेक्टचे फायदे प्रत्यक्षात मिळतायत का ते बघणं, बाहेरच्या बदलांचा स्कोपवर परिणाम, असे विषय. त्या आउटलाइनमध्ये ते खपून गेलं. पण पीएमआयने जुलै 2026 पासूनच्या पेपरसाठी जी नवी आउटलाइन जाहीर केली त्यात या डोमेनचा वाटा 26 टक्के केलाय, पीपल 33 आणि प्रोसेस 41. तेव्हा तिच्या नोट्स घेऊन जे आता तयारीला बसतायत, आणि तिच्या ऑफिसातलेच दोघं बसलेत, त्यांनी हा भाग तिच्यासारखा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये, 'काय होऊन गेलंय आणि काय राहिलंय' ही ओळ या प्रश्नांनाही लिहून बघावी, फक्त प्रोजेक्टच्या आत न थांबता तो प्रोजेक्ट संस्थेने कशासाठी हाती घेतलाय हेही त्या ओळीत यायला हवं.